सहा ओळींची जागा

फ्वा, ९ ऑक्टोबर २००४

फुल्क्रां,

अकरा वर्षांनी पत्र पाठवलंस आणि वर काय लिहिलंस, तर ‘आदरणीय प्राध्यापिका सोलांज काझाल यांस’. मला वाटलं वीज कंपनीचंच आहे, दोन दिवस फोडलंही नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून आठ वर्षं लसणाचं सूप ओरपलंस तेव्हा मी ‘बाई’ होते. आता आदरणीय झाले. असू दे, त्र्याहत्तराव्या वर्षी मिळेल ते घ्यावं.

तुझ्या पत्राचा सारांश मीच करते, म्हणजे बाईंना नीट कळलं नाही असं नंतर म्हणायला नको. मार्चमध्ये विद्यापीठाची निवड समिती बसणार आहे आणि तू अर्ज केला आहेस. वय पंचेचाळीस, म्हणजे यानंतर तुला कुणी विचारणार नाही. तुझ्या फायलीत मी १९९३ साली लिहिलेलं पत्र अजून आहे, आणि ते आहे तोवर तुझी डाळ शिजणार नाही. म्हणून तुला माझ्याकडचा एक फोटो हवा आहे, रोकसेर गावच्या चौकशीच्या दप्तरातल्या एकेचाळिसाव्या पानाचा. १९८२ साली दप्तरखान्यात नळ फुटला आणि ते पान धुऊन निघालं. त्याआधी त्याचे फोटो काढले होते ते फक्त मी. एवढंच ना?

तर नाही. फोटो मिळणार नाही.

आणि ‘ब्रुनाचं तथाकथित विधान’ असं पुन्हा लिहू नकोस, निदान मला लिहिताना तरी. तेराशे एकोणीस साली ही बाई बिशपाच्या चौकशीत उभी राहिली. आत्मे देवाचे, पण देह आणि ही सगळी माती घडवली ती सैतानाने, असं मानणाऱ्या भल्या माणसांना तिने घरात आसरा दिला होता. ती बिशपाच्या तोंडावर म्हणाली, ‘माझ्या तान्ह्याचं शरीर ज्याने घडवलं, त्याला मी देव म्हणणार नाही.’ ते वाक्य दप्तरातून मी बाहेर काढलं. त्यावर माझं पुस्तक उभं आहे, नऊ भाषांत उभं आहे. तू तेव्हा शाळेत शेंबूड पुसत होतास.

तुझी आई शुक्रवारच्या बाजारात असते. तब्येत बरी दिसते. मला अजून चीज विकत नाही. समोर चळत रचलेली असते आणि म्हणते, ‘संपलं.’

सोलांज काझाल


फ्वा, २१ नोव्हेंबर २००४

फुल्क्रां,

रागावणार नाहीस असं वाटलं होतं, पण तू चार पानं रागावलास. बरं वाटलं. पहिल्या पत्रात तू मेल्यासारखा सभ्य होतास.

मंगळवारी रोकसेरची मेयर आली होती, मादाम पुजोल. शाळेची नवी इमारत झाली आहे, तिला ब्रुनाचं नाव द्यायचं ठरलंय. ‘फीत तुम्हीच कापायची बाई, नाही म्हणू नका,’ म्हणाली. ब्रुनाचं वाक्य चर्चसमोरच्या दगडावर कोरलेलं आहेच, आता वर्गावर्गात लावणार. खानावळीत ‘ब्रुनाचं ताट’ मिळतं हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं, काय असतं त्यात?

‘बदकाची तंगडी, वर अंजिराचा मुरंबा.’

‘अहो, ती भली माणसं मांसाला शिवत नसत.’

‘पण पर्यटक शिवतात ना, बाई.’

गावात शंभर माणसं उरली होती, आता अडीचशे आहेत. बेकरी पुन्हा उघडली. तुला पानावरच्या ओळी मोजायच्या आहेत, तर मोज. मी त्या बाईला म्हटलं, येते.

तू विचारतोस, तो ९३ सालचा गुरुवार मला आठवतो का. आठवतो की. वर्गात वीसेक जण होते. तू धुतलेल्या पानाचा ठसा घेऊन आला होतास आणि खिशातून पट्टी काढलीस. पानावर शाईचे जे पुसट माग राहिलेत त्यावरून कुठला जबाब कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तू मोजलं होतंस. म्हणालास, ‘ब्रुनाच्या जबाबाला सहा ओळींची जागा आहे. तुम्ही छापलेला मजकूर त्या लेखनिकाच्या अक्षरात अकरा ओळींचा होतो. सहा ओळींच्या जागेत अकरा ओळी कशा मावल्या, बाई?’

मी म्हटलं, पट्टी घेऊन शिंप्याकडे जा. सगळे हसले. तूसुद्धा थोडासा हसलास, ते मला सगळ्यात जास्त लागलं. तुझा हेतू मला तोंडावर पाडायचा नव्हता. तू खरोखरच विचारत होतास, माझ्याकडे काहीतरी सोपं उत्तर असेल अशा खात्रीने.

तीन आठवड्यांनी तुझ्या नेमणुकीसाठी माझं मत मागवलं गेलं. मी ते दिलं. मत देणं हे माझं कामच होतं.

आता मांदच्या शाळेत नववीच्या मुलांना क्रांतीच्या तारखा पाठ करायला लावतोस, यात माझा काय दोष? शिकवणं हे शिकवणंच असतं. तुझी बायको सोडून गेली तेही माझ्याच नावावर टाकायचं असेल तर टाक. माझ्या नावावर जागा भरपूर आहे.

सो. का.


फ्वा, १४ डिसेंबर २००४

तू मला प्रश्नावली पाठवलीस?

टाइप केलेली, एक ते नऊ आकडे घातलेली, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी जागा सोडलेली? ‘प्रश्न तीन : पान ४१ वर ब्रुनाच्या जबाबात हे वाक्य पूर्ण लिहिलेलं होतं, की लेखनिकाने फक्त वरीलप्रमाणे असं लिहिलं होतं?’ अरे, हे लिहिताना तुला लाज वाटली नाही, निदान हसू तरी आलं नाही? उभं आयुष्य तू बिशपांच्या प्रश्नावल्या वाचण्यात घालवलंस. त्या लोकांनीही अशीच जागा सोडलेली असायची.

कोरी ठेवून परत पाठवते आहे.

एवढंच सांगते, तेही तुला येतंच. लेखनिक आळशी असतात. एकच प्रश्न अकरा जणांना विचारला तर तो पहिल्यांदा पूर्ण लिहितात आणि पुढच्या दहांच्या खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळे होतात. छापताना आपण ते ‘वरीलप्रमाणे’ उलगडून लिहितो. सगळेच लिहितात. माझ्या गुरूंनी लिहिलं, मी लिहिलं, तुलाही मीच शिकवलं. हा गुन्हा नव्हे, रीत आहे. मी ब्रुनाचं उलगडलं आणि बाकीच्यांचं ‘नेहमीचे प्रश्न, नेहमीची उत्तरं’ म्हणून गाळलं, कारण प्रकाशकाला चारशेच पानं हवी होती.

यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही. नाताळच्या शुभेच्छा. तुझ्या आईकडून चीज घ्यायला शेजारच्या अर्नेस्तीनला पाठवलं होतं. आईने विचारलं, ‘कुणासाठी?’ अर्नेस्तीनला खोटं बोलता येत नाही. रिकाम्या हाताने परत आली.

सो. का.


फ्वा, ३० जानेवारी २००५

फुल्क्रां,

या वेळच्या पाकिटात तुझं एक अक्षर नव्हतं. नुसती माझ्या ९३ सालच्या पत्राची प्रत. ती तू कुणाकडून मिळवलीस ते विचारत नाही.

मला वाटत होतं मी तीन पानं लिहिली होती, समतोल, थोडी कडक. आहेत फक्त नऊ ओळी. ‘उमेदवार हुशार आहे. परंतु मूळ कागदात जे नाही ते त्याला दिसतं, आणि ते सिद्ध करण्यासाठी तो साधनांशी प्रामाणिक राहील याची खात्री मी देऊ शकत नाही.’ खाली सही. अक्षर माझंच, अगदी ठसठशीत. मी ते मेजावर ठेवलं आणि कोबी चिरायला गेले. परत आले तरी ते तिथेच होतं. सबंध आठवडा तिथेच होतं. ते समोर ठेवूनच जेवले.

जे माझ्याबद्दल खरं होतं ते मी तुझ्या नावाने लिहिलं होतं, शब्द न् शब्द. असं सुचायलाही डोकं लागतं.

तुझी प्रश्नावली मी परत पाठवली होती, पण प्रश्न माझ्या लक्षात आहेत. उत्तरं घे. होय, त्या पानावर ते वाक्य ब्रुनाच्या तोंडी नव्हतं. पानाच्या माथ्यावर बिशपाचा प्रश्न होता, ‘ज्याने तान्ह्या मुलांची शरीरं घडवली तो देव नव्हे, असं तू मानतोस का?’ अकरा जणांना तोच विचारला. ब्रुनाच्या खाली होतं, ‘वरीलप्रमाणे, होय.’ होय, ‘माझ्या’ हा शब्द मी घातला आणि ‘म्हणणार नाही’ हेही मी घातलं. हे उलगडणं नव्हतं, हे मला तेव्हाही समजत होतं. होय, तिच्या जबाबाच्या ओळी सहाच होत्या. होय, तू पट्टी काढलीस तेव्हा मला ते ठाऊक होतं. तुला खोटं पाडायचं म्हणूनच मी समितीला ते पत्र लिहिलं.

फोटो नाही. त्या गुरुवारच्या दुसऱ्या सकाळी मी तो आणि त्याच्या निगेटिव्हची काच अंगणात द्राक्षाच्या काटक्यांबरोबर जाळली. काच जळत नाही. ती ठेचून विहिरीत टाकली.

नववा प्रश्न होता, का? नावलौकिकासाठी. लिही.

सही करून, तारीख घालून ही वेगळी प्रत जोडते आहे. समितीला दे. रोकसेरच्या मेयरला मी फोन करून सांगितलं, फीत कापायला येणार नाही. ‘पायऱ्यांना कठडा बसवून घेऊ हवं तर,’ म्हणाली. तिला वाटलं गुडघे दुखतात. दगडाबद्दल तिला समोर बसून सांगावं लागेल, ते मी करीन.

सोलांज काझाल


फ्वा, २४ फेब्रुवारी २००५

फुल्क्रां,

तर त्यांनी माझा कबुलीजबाब घेतला नाही.

अध्यक्षांचं म्हणणं तू जसंच्या तसं कळवलंस त्याबद्दल आभार. ‘वृद्ध महिला, जुना विद्यार्थी, दोघांमध्ये पत्रव्यवहार, आणि उत्तरांची भाषा तंतोतंत प्रश्नांची. शिवाय श्री. फुल्क्रां रिगाल यांचं स्वतःचंच प्रतिपादन आहे की कबुलीजबाबात साक्षीदार बोलत नाही, प्रश्न विचारणाराच बोलतो.’ खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. अर्नेस्तीन धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. तुझ्याच प्रबंधाने तुला घरी पाठवलं, आणि तो प्रबंध चांगला आहे. मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले होते.

तू लिहितोस की आता सोडून देतो. समिती बसायला अजून तीन आठवडे आहेत. सोडून द्यायचा हक्क तुला नाही. अकरा वर्षं मी तुला खोटारडा ठरवून शेगडीजवळ पाय शेकत बसले, आणि आता मी खरं बोलते आहे तर तू घरी जाऊन झोपणार? बस आणि वाच.

अध्यक्षांचं बरोबर आहे. चौकशीच्या कागदात विचारल्यावर जे सांगितलं जातं ते आपण बाजूला ठेवतो, आणि न विचारता जे निसटतं ते खरं धरतो. तू मला जे विचारायचं ते सगळं विचारलंस. मग न विचारलेलं घे.

ब्रुनाच्या सहा ओळींत काय होतं ते तू विचारलं नाहीस. तुला फक्त त्यात काय नव्हतं ते हवं होतं. मी तुला सांगते, मला ते पाठ आहे. पहिल्या दोन ओळींत नाव, नवऱ्याचं नाव, गाव. तिसरीत, मूल एक, वारलेलं. चौथीत, प्रश्न वरीलप्रमाणे, होय. आणि मग त्या बाईने बिशपाला विचारलं, ‘आता मला जाऊ द्याल का? सकाळपासून शेळी बांधून ठेवली आहे, तिची कास भरली असेल.’ लेखनिकाने हे का लिहून घेतलं देव जाणे. पण घेतलं. शेवटच्या दोन ओळी त्या शेळीच्याच आहेत.

त्या पानाच्या चामड्याला मुळातच एक भोक आहे, लेखनिकाने त्याला वळसा घालून लिहिलंय. भोक पाण्याने धुऊन जात नाही, ते अजून असेल. पाचव्या ओळीत, भोकाच्या लगेच उजवीकडे लॅटिनमधला शेळी हा शब्द आहे. दप्तरखान्यात आता पुसलेली शाई उजळवणारा तो जांभळा दिवा आला आहे असं म्हणतात. नुसतं पान त्याखाली धरून काही वाचता येत नाही, हे तू करून पाहिलं असशीलच. पण काय शोधायचं ते ठाऊक असलं तर पाच अक्षरं सापडतात. अध्यक्षांना बरोबर ने. त्यांनाच वाचू दे. ही शेळी माझ्या छापील पुस्तकात कुठेच नाही आणि तुझ्या प्रश्नावलीतही नाही. मूळ पान वाचलेल्या माणसाशिवाय ती कुणाला ठाऊक असणं शक्य नाही.

हे तुझ्यापुरतं पुरेसं आहे. तुझी नेमणूक यावर होईल.

पुढचं माझ्यासाठी आहे. नवव्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं. ‘नावलौकिकासाठी’ हे तुला ऐकायचं होतं, म्हणून दिलं, आणि तू ते खरं धरलंस. बघ, तूही फसतोस.

१९७१च्या जानेवारीत मला मुलगी झाली. विद्यापीठात सांगितलं होतं, कंबर धरली आहे, दोन महिने लिमूला मावशीकडे जाते. तिचं नाव सिदोनी. बाप कोण ते तुझ्या समितीला नको, त्यालाही नको होतं. एकोणीस दिवस जगली. दूध ओढायची, पण अंगी लागायचं नाही. डॉक्टर म्हणाले, घडणच कच्ची आहे. मावशीने पाद्र्यांना बोलावलं, ते म्हणाले देवाची इच्छा. मी त्यांना ‘या, बसा, कॉफी घेता का?’ म्हटलं.

मार्चमध्ये परत येऊन मी रोकसेरचं दप्तर उघडलं. एप्रिलमध्ये एकेचाळिसाव्या पानाशी आले. ‘मूल एक, वारलेलं.’ मी थांबले. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी म्हणेल. पुढच्या ओळीत नुसतं ‘होय’, आणि त्याखाली शेळी. मला तिचा इतका राग आला, फुल्क्रां, की मी वही मिटून बाहेर जाऊन उभी राहिले. मूल गेलेली बाई, समोर बिशप बसलाय, आणि ही कासेचं बोलते. मी तिची शेळी काढून टाकली आणि जे मला पाद्र्यासमोर म्हणता आलं नव्हतं ते तिच्या तोंडी घातलं. मग लोक रडले, पत्रं आली, दगड कोरला गेला. शेळी दुभायला हवीच होती, हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तोवर तू पट्टी घेऊन येऊन गेला होतास. तुझं आयुष्य मी नासवलं ते काही कीर्ती जपायला नाही. तू माझ्या लेकीच्या अंगाला हात घालतो आहेस असं मला वाटलं. तुला हे ठाऊक नव्हतं, ठाऊक होण्याचा मार्गही मी ठेवला नव्हता. यासाठी मी तुझी क्षमा मागत नाही. तू ती देशील, आणि मला ती नको आहे.

लेख छापशील तेव्हा कारण द्यावं लागेल. हेच दे, तळटिपेत, वर मजकुरात नको. संदर्भ असा लिही : लिमू नगरपालिका, मृत्यूंची नोंदवही, १९७१, नोंद क्रमांक अकरा, काझाल सिदोनी. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, जाऊन बघ. काल मी बसने जाऊन बघून आले. पान कोरडं आहे आणि प्रत्येक अक्षर वाचता येतं.

सोलांज काझाल